नाव न घेण्याची रूढी आणि अर्थांतर

अनिष्ट वस्तूचे नाव उच्चारले की ती वस्तू समीप येते, हा समज लोकमानसात खोलवर रुजलेला आहे. नाम आणि नामी यांत अंतर नाही, ही त्यामागील धारणा. तिला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारले असता भाषेच्या अभ्यासकाच्या हातून बरीच सामग्री निसटते. कारण वर्ज्य शब्दाच्या जागी समाजाला दुसरा शब्द योजावा लागतो व त्यातून अर्थांतर घडते.

मराठीत बांगडी फुटत नाही, 'वाढते', नारळही 'वाढवितात', घरातून निघणारा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. ही सौम्य उदाहरणे होत. देवीच्या रोगाचे उदाहरण अधिक बोलके आहे. येथे रोग धाडणाऱ्या आणि तो शमविणाऱ्या देवतेचेच नाव रोगाला मिळाले. शिवाय अंगाचा दाह करणाऱ्या त्या देवतेस 'शीतला' म्हटले गेले. पश्चिम आफ्रिकेतील नायजेरियात योरुबा लोकांमध्ये याच रोगाची सोपोना ही देवता आहे. तिचे नाव टाळून 'तप्त भूमी' अशा अर्थाच्या शब्दाने तिचा निर्देश होत असे. एकाने दाहालाच शीतल म्हटले. दुसऱ्याने दाह कबूल केला, पण तो भूमीवर ढकलला. भीती एकच, शब्दयोजना मात्र अगदी उलट.

भारतात १९७५ नंतर हा रोग आढळला नाही, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. शब्द मात्र उरला. 'देवी टोचणे' या प्रयोगात देवतेला सुई टोचल्याचा भास बोलणाऱ्यास होत नसे. श्रद्धा शब्दातून केव्हाच निघून गेली होती. रूढ शब्दावरून बोलणाऱ्याच्या श्रद्धेचे अनुमान काढणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावयास हवे.

सापाच्या बाबतीत प्रश्न इतका निरुपद्रवी नाही. त्यास 'जनावर', 'लांबडे' किंवा 'किडा' म्हणतात, आणि दंश झाला तर 'पान लागले' असे सांगतात. ज्या गावात हा संकेत ठाऊक आहे तेथे अर्थबोधास बाध येत नाही. परंतु रुग्णालयात संकेताशी अपरिचित असलेल्या वैद्यास 'पान लागले' हे निरर्थक, तर 'किडा चावला' हे दिशाभूल करणारे ठरेल. आणि विषारी दंशात प्रतिविष देण्यास झालेला विलंब प्राणावर बेततो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात डिसेंबर २०१३ मध्ये संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा अपराध ठरविला आहे. विधिभाषेस संकेत परवडत नाही. तिला सापाचे नाव घ्यावेच लागते.

तथापि लोकपरंपरा सर्वत्र नावास भिते असे मानणेही एकांगी होईल. खुद्द नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या व पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. तीत इडापिडा, रोगराई यांचा उच्चरवाने नामोच्चार करून त्यांना गावाबाहेर जाण्यास फर्माविले जाते. सोबतच्या बडग्यांवर महागाई, भ्रष्टाचार अशी चालू काळातील अरिष्टे फलकांवर ठळक अक्षरांत लिहिलेली असतात, आणि शेवटी पुतळ्यांचे दहन होते. जे घरात कुजबुजतही उच्चारावयाचे नाही, ते येथे हजारोंच्या मुखी असते.