बाकड्यावरचं स्क्रूचं भोक

आपल्यातले काही गट अंगणात, शाळेच्या आवारात ठेवायची लाकडी बाकडी करून विकतात. गिऱ्हाईक बसायच्या आधी फळीवरून हात फिरवतं. हाताला स्क्रूचं डोकं लागलं, की भाव पाडायला त्याला कारण मिळतं. पण भोक बुजवायचं ते नुसतं दिसण्यासाठी नाही. उघड्यावरच्या बाकड्यात पाणी साचतं ते याच भोकात, आणि फळी कुजायला लागते तीही इथूनच.

भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भोक भरायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. घरातल्या कपाटाला ती चालते. बाहेर नाही. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आवळतं. भरलेली लांबी तशी हलत नाही, मग ती भेगाळते आणि सुटते.

आम्ही लाकडाचंच बूच बसवतो. आधी 10 मि.मी.च्या ड्रिलने 8 ते 10 मि.मी. खोल भोक पाडायचं, मग त्याच्या मधोमध 3 मि.मी.चं बारीक भोक फळीतून आरपार. स्क्रू आठ नंबरचा, स्टेनलेस स्टीलचाच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. बाभळीच्या ओल्या लाकडात लोखंडाचा काळा डाग पडतो. (बाभळीची साल चामडं कमवायला वापरतात ना, त्याच द्रव्याचा हा गुण.)

बूच त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून काढायचं. त्यासाठी ड्रिलला लावायचा प्लग कटर मिळतो. गोल काठीचे तुकडे घालू नका. काठीचं कापलेलं तोंड वर येतं, ते पाणी भराभर पितं आणि काळं पडतं. बुचाला पाण्यात टिकणारा गोंद लावा, त्याच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवा आणि मोगरीने हलकेच ठोका. जुळलेल्या रेषा असल्या की बूच शोधावं लागतं! वर राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी पटाशीने थोडा थोडा काढायचा. घाईने एकदम तळाशी पटाशी घातली तर बूच आत तुटतं आणि खड्डा राहतो. शेवटी पॉलिश पेपर.

बसायच्या फळ्यांना तर आडव्या पट्टीतून, खालूनच स्क्रू मारा. वर भोकच नको. फक्त स्क्रूची लांबी आधी मोजा, नाहीतर टोक वर येऊन साडी फाटायची.

पुढे फळी बदलायची वेळ आली, तर बुचाच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यात एक स्क्रू पिळत जा. त्याचं टोक खालच्या स्क्रूच्या डोक्याला टेकलं, की बूच आपोआप वर उचलून येतं.