गोळी उशिरा का सुटली?

उंचावरून सोडलेली वस्तू किती वेळात खाली येते हे मोजले, की गुरुत्व त्वरणाची किंमत काढता येते. दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात सूत्र असते आणि फळ्यावर त्याची उदाहरणेही सोडवून होतात. अडचण येते ती प्रत्यक्ष वेळ मोजताना. अर्ध्या मीटरवरून सोडलेली गोळी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेळात खाली पोचते. हातातल्या स्टॉपवॉचचे बटण दाबेपर्यंत प्रयोग संपलेला असतो.

म्हणून आम्ही दोघा विज्ञानशिक्षकांनी अकरावीच्या चार विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हे काम एका इलेक्ट्रॉनिक बोर्डावर सोपवायचे ठरवले. विद्युतचुंबकाने पोलादी गोळी धरून ठेवायची, बोर्डाने चुंबक बंद करायचा, त्याच क्षणी आपले घड्याळ सुरू करायचे आणि गोळी खालच्या पत्र्यावर आदळली की थांबवायचे, अशी योजना होती. एका दुपारचे काम वाटले होते, त्याला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत काय काय चुकले आणि ते कसे सापडले, हे प्रयोगाच्या उत्तरापेक्षा अधिक उपयोगी आहे असे वाटल्याने येथे सविस्तर लिहीत आहोत.

बोर्ड काय करतो?

डेटा ॲक्विझिशन बोर्ड म्हणजे बाहेरची मोजमापे संगणकाला पोचवणारा आणि संगणकाचे हुकूम बाहेर पोचवणारा मध्यस्थ. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने आपल्या फीनिक्स प्रकल्पात शाळा-महाविद्यालयांसाठी अशी उपकरणे तयार केली आहेत. आमचा बोर्ड आर्डुइनो जातीचा, बाजारात सहज मिळणारा होता.

अशा बोर्डाला 'रिअल-टाइम' म्हणतात तेव्हा पुष्कळांना तो फार वेगवान असावा असे वाटते. खरा अर्थ वेगळा आहे. शाळेची घंटा देणारा शिपाई धावत गेला पाहिजे असे नाही, पण घंटा ठरल्या मिनिटाला झाली पाहिजे. रिअल-टाइम म्हणजे वेळेचे बंधन पाळणारा. टेबलावरचा संगणक वेगवान असतो, पण तो एकाच वेळी पन्नास कामे करत असतो. 'आता सोड' हा हुकूम कधी लगेच पाळला जातो, तर कधी काही मिलिसेकंद रखडतो. बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर आपले एकच काम करत बसलेला असतो. म्हणून हुकूम देणे आणि वेळ मोजणे ही दोन्ही कामे आम्ही बोर्डाकडेच ठेवली. त्याचे घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने पुढे सरकते. आपल्या कामाला हे हवे त्यापेक्षा कितीतरी बारीक आहे.

पिनची ताकद

बोर्डाच्या डिजिटल आउटपुट पिनवर दोनच अवस्था असतात. हुकूम '१' असेल तर ५ व्होल्ट आणि '०' असेल तर शून्य व्होल्ट. आमच्या विद्युतचुंबकाच्या वेटोळ्याचा रोध ४० ओहम होता आणि तो १२ व्होल्टवर चालवायचा होता. ओहमच्या नियमाने प्रवाह ३०० मिलीअँपिअर येतो. अशा पिनमधून २० मिलीअँपिअरच्या आसपास प्रवाह घेणे सुरक्षित असते. तेव्हा पिनने चुंबक थेट चालवणे शक्यच नव्हते. मध्ये कोणीतरी असा हवा की जो पिनचा क्षीण इशारा ऐकून मोठ्या प्रवाहाचे दार उघडेल. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात.

आम्ही यूएलएन २००३ ही आयसी वापरली. तिच्यात ट्रान्झिस्टर-जोड्यांचे सात ड्रायव्हर असतात. प्रत्येक जण ५० व्होल्टपर्यंत आणि ५०० मिलीअँपिअरपर्यंत टिकतो. जोडणी केली, हुकूम दिला, पण गोळी काही चिकटली नाही.

मल्टिमीटरने फसवले

काही जळू नये म्हणून आम्ही वेटोळे काढून ठेवले आणि ड्रायव्हरच्या आउटपुटवर मल्टिमीटर लावला. हुकूम '०' दिला तर शून्य व्होल्ट, '१' दिला तरी शून्य व्होल्ट. आयसी जळली, असा निष्कर्ष काढून नवी बसवली. तिचेही तेच!

येथे चूक आयसीची नसून आमच्या समजुतीची होती. या ड्रायव्हरचे आउटपुट स्वतःहून व्होल्टेज देत नाही. ते फक्त आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामधले एक बटण आहे. बटण लागले की आउटपुट ग्राउंडला जोडले जाते, आणि सुटले की ते नुसते लोंबकळत राहते. १२ व्होल्ट यायचे असतात ते वेटोळ्यामधून. आम्ही वेटोळेच काढून ठेवल्यावर दोन्ही वेळा शून्य दिसले यात नवल काय? मोजणीच्या सोयीसाठी आम्ही मोजायची गोष्टच नाहीशी केली होती.

वेटोळे परत जोडले. आता बटण सुटलेले असताना १२ व्होल्ट आणि लागले असताना सुमारे १ व्होल्ट दिसायला हवे. (म्हणजे हुकूम '१' असताना कमी व्होल्टेज. हा उलटेपणा विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवावा.) दिसले मात्र दोन्ही वेळा १२ व्होल्ट. पण ही माहिती कामाची होती. वेटोळे आणि त्याचा पुरवठा ठीक आहेत, बटण लागत नाही, म्हणून शोध आउटपुटकडून इनपुटकडे वळवायचा.

बोर्डाला वीज यूएसबीमधून मिळत होती आणि चुंबकाला वेगळ्या अॅडॅप्टरमधून. बोर्डाचे ५ व्होल्ट हे बोर्डाच्या ग्राउंडच्या तुलनेत ५ व्होल्ट असतात. आयसीचे ग्राउंड अॅडॅप्टरला जोडलेले होते आणि ही दोन ग्राउंड एकमेकांना जोडायचे आम्ही विसरलो होतो. विभवांतर नेहमी दोन बिंदूंमधले असते, हे वाक्य आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो! एक वायर जोडली आणि गोळी चिकटली.

८.६५

आता प्रयोग सुरू झाला. उंची ५० सेंटिमीटर. दहा वेळा गोळी सोडली. वेळ ३४० मिलिसेकंद आली, एखादा मिलिसेकंद इकडेतिकडे. उंचीच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागले. गुरुत्व त्वरण ८.६५ मीटर प्रति सेकंद वर्ग आले. महाराष्ट्रात ही किंमत ९.७८ ते ९.७९ च्या आसपास असते.

याच सुमारास दहावीच्या एका वर्गाने हा प्रयोग केला. जर्नल तपासताना आमच्या लक्षात आले की सर्वांनी तोच बोर्ड, तीच उंची वापरली होती, तरी बहुतेकांचे उत्तर ९.६ ते ९.९ होते. एका मुलीने मात्र ८.६५ लिहिले होते आणि पुढे पेन्सिलने 'चुकले' असा शेरा स्वतःच मारला होता. बाकीच्यांनी ३४० चे ३२० केले होते. दोष त्यांना कसा द्यावा? 'उत्तर ९.८ च्या जवळ यायला हवे' असे प्रयोगापूर्वी आम्हीच सांगितले होते. खरे निरीक्षण चूक ठरले आणि बनवलेले निरीक्षण बरोबर ठरले. हे कळल्यावर बोर्डाचा दोष शोधणे ही नुसती हौस राहिली नाही.

विखुरणे आणि सरकणे

चुकांचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. बोर्डाच्या घड्याळात किंवा प्रोग्रॅममध्ये अनियमितपणा असता, तर दहा वाचने विखुरली असती. कधी ३२५, कधी ३५०. आमची वाचने एकमेकांना धरून होती. म्हणजे काहीतरी प्रत्येक वेळी तेवढेच उशिरा होत होते.

हा उशीर किती, हे एका सोप्या युक्तीने कळते. पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून उंची चौपट केली की वेळ दुप्पट होतो. पण ठरावीक उशीर उंचीबरोबर बदलत नाही. २५ सेंटिमीटरवरून २४६ मिलिसेकंद लागले, १०० सेंटिमीटरवरून ४७२. पहिल्यात एक खरा वेळ आणि उशीर, दुसऱ्यात दोन खरे वेळ आणि तोच उशीर. वजाबाकी केली की खरा वेळ २२६ मिलिसेकंद आणि उशीर २० मिलिसेकंद. पाव मीटरची दुप्पट भागिले ०.२२६ चा वर्ग, म्हणजे ९.७९!

गुरुत्व त्वरण तर मिळाले. पण हे वीस मिलिसेकंद जात कुठे होते?

साखळीचा शोध

हुकूम, पिन, ड्रायव्हर, वेटोळ्यातला प्रवाह, चुंबकत्व, गोळी अशी ही साखळी आहे. अशा वेळी सगळीकडे हात घालू नये. साखळी मध्ये तोडून दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहावे. आम्ही वेटोळे सोडवले आणि ड्रायव्हरचे आउटपुट १० किलोओहम रोधातून बोर्डाच्याच ५ व्होल्टला जोडले. तेथून एक वायर बोर्डाच्या इनपुट पिनला नेली. (१२ व्होल्टचा बिंदू या पिनला कधीही जोडू नये, ती जळेल.) हुकूम दिल्यापासून आउटपुट बदलेपर्यंत किती वेळ गेला, ते बोर्डालाच मोजायला सांगितले. उत्तर काही मायक्रोसेकंद आले. ड्रायव्हरपर्यंतचा अर्धा भाग निर्दोष ठरला.

राहिले वेटोळे. पिठाच्या गिरणीचा पट्टा काढला तरी जड चाक काही वेळ फिरत राहते. वेटोळ्यातल्या प्रवाहाचेही तसेच असते. बटण सुटल्यावर प्रवाह थांबायला तयार नसतो आणि त्याला वाट मिळाली नाही, तर बटणाच्या टोकांवर फार मोठे व्होल्टेज निर्माण होते. त्याने ट्रान्झिस्टर जळू नये म्हणून यूएलएन २००३ मध्ये प्रत्येक आउटपुटला एक डायोड असतो. ९ क्रमांकाची पिन १२ व्होल्टला जोडली की या डायोडमधून प्रवाह वेटोळ्यातच गोल फिरत राहतो आणि रोधामुळे हळूहळू विझतो. आमच्या वेटोळ्यासारख्या लोखंडी गाभ्याच्या वेटोळ्यात तो एक-सप्तमांशापर्यंत उतरायला वीस मिलिसेकंद सहज लागू शकतात. तोपर्यंत गोळी धरलेलीच राहते. ड्रायव्हरचे व्होल्टेज तत्काळ बदलले होते, पण गोळीला धरतो तो प्रवाह.

हा तर्क झाला, त्याला पडताळा हवा. उशीर प्रोग्रॅममध्ये असेल, तर चुंबकाचा पुरवठा बदलल्याने तो बदलणार नाही. प्रवाह विझण्यामुळे असेल, तर कमी प्रवाहापासून सुरुवात केल्यास गोळी लवकर सुटेल. आम्ही १२ ऐवजी ९ व्होल्टचा अॅडॅप्टर लावला. उशीर २० वरून १६ मिलिसेकंदांवर आला.

उपाय म्हणून डायोड काढून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये, ड्रायव्हर जाईल. ९ क्रमांकाची पिन १२ व्होल्टला थेट जोडण्याऐवजी मध्ये २४ व्होल्टचा झेनर डायोड घालावा, त्याचा पट्टा असलेला पाय आयसीच्या बाजूला ठेवून. आता फिरणाऱ्या प्रवाहाला २४ व्होल्टचा जास्तीचा विरोध होतो आणि तो झपाट्याने विझतो. आउटपुटवर जास्तीत जास्त सदतीस व्होल्टच्या आसपास येतात, म्हणजे ५० च्या मर्यादेच्या आत. आमचा उशीर ६ मिलिसेकंदांवर आला. उरलेला उशीर मुख्यतः लोखंडी गाभ्यातले चुंबकत्व मावळायला लागणाऱ्या वेळाचा आहे. तो दोन उंचींच्या वजाबाकीने निघून जातो.

वर्गासाठी

या प्रयोगात तीन गोष्टी आवर्जून कराव्यात. एक, वाचन आले तसे शाईने लिहायचे. दोन, एका वेळी एकच बदल करायचा. तीन, उत्तराबरोबर त्याची अनिश्चितता लिहायची. खऱ्या वेळात एका मिलिसेकंदाचा फरक पडला तर ९.७९ चे ९.७० किंवा ९.८८ होते. तेव्हा दुसऱ्या दशांश स्थळाचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही.

ज्यांच्याकडे बोर्ड नाही, त्यांनीही ही चार वाचने फळ्यावर लिहावीत: २५ सेंटिमीटरला २४६, ५० ला ३४०, १०० ला ४७२ आणि ९ व्होल्टवर घटलेला उशीर. एकेका उंचीवरून त्वरण काढायला सांगावे. अनुक्रमे ८.२६, ८.६५ आणि ८.९८ येईल. उंची वाढते तशी चूक का कमी होते, असे विचारून थांबावे. आमच्या वर्गात याचे उत्तर पेन्सिलने 'चुकले' लिहिणाऱ्या मुलीनेच प्रथम दिले. तिच्या जर्नलमधला तो शेरा आम्ही खोडून टाकला आणि बाकीच्यांना मूळ वाचने पुन्हा लिहायला लावली.