फडावरचा एक फोटो

डिसेंबरात कार्यालयीन कामानिमित्त बारामती-इंदापूर तालुक्यात दिवसभर उन्हातान्हात फिरणे झाले. पिशवीत कॅमेरा होताच. भिगवणजवळ कुंभारगावला उजनीच्या पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरले होते. १९८० साली भीमेवर हे धरण पूर्ण झाले, गावेच्या गावे पाण्याखाली गेली. आज तिथे शहरातली हौशी मंडळी होडीतून फोटो काढतात. आम्हीही दोन काढले.

पण खरे रमलो ते भवानीनगरच्या अलीकडे, उसाच्या फडात. दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून आलेली माणसे! ताडपत्रीच्या कोप्या, झोळीत लेकरू, वाढ्यांचे भारे, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढणारी बाई. नवरा-बायको दोघे मिळून हिशेबात 'एक कोयता'. "ताई, फोटो काढू का?" आम्ही विचारले. (पाखरांना कोण विचारतो!)

"काढा दादा, पन आमालाबी द्या. लोकं काढून नेत्यात, परत दावीत न्हाईत."

आठवड्याने प्रत घेऊन गेलो, तर टोळी पुढच्या गावी हललेली. विचारत विचारत गाठली. फोटोत ती दोघे होती, शेजारी शेजारी. बाईने हात पदराला पुसले, फोटो घेतला आणि पत्र्याच्या पेटीत लुगड्याखाली ठेवला.