दुष्काळ, प्लेग आणि मराठी ख्रिस्ती मंडळी

मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'पासून (१६१६) आरंभ करतो, बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'चा (१८५७) उल्लेख करतो आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी येऊन थांबतो. ग्रंथांचा हा क्रम बरोबर आहे. पण ज्या समाजात टिळकांची भजने गायली गेली, तो समाज या क्रमातून दिसत नाही. प्रस्तुत घटकात १८७६ पासून पुढच्या चार-पाच दशकांतील अहमदनगर आणि केडगाव या दोन ठिकाणांचा विचार करावयाचा आहे. वारंवार पडलेले दुष्काळ आणि १८९६ मध्ये मुंबईत उतरलेला प्लेग यांनी तेथील ख्रिस्ती जीवनाला जे वळण दिले, त्याचा परिणाम थेट मराठी भाषेवर झालेला आहे.

प्रथम एका शब्दाकडे लक्ष द्या. मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक उपासकांच्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. हाच शब्द आपण घरच्या माणसांसाठी वापरतो, वारकरी मंडळींसाठी वापरतो आणि जुन्या वळणाचा गृहस्थ पत्नीचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करीत असे. इमारतीपेक्षा माणसांचा मेळा या शब्दात अभिप्रेत आहे. संकटकाळात ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झाले. शाळा निघाल्या, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाले. तथापि ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या दीर्घकाळ अल्पच राहिली. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर चित्र पालटले. नगर जिल्ह्यातील महार आणि मांग कुटुंबांनी, बहुधा भावकीच्या विचाराने, गटागटाने बाप्तिस्मा घेतला. याची कारणे गावगाड्याच्या रचनेत शोधावी लागतात. ज्यांचा निर्वाह बलुत्यावर होता, त्यांच्या वाट्याला पीक बुडाल्यावर काहीच येत नसे. शेतकऱ्याजवळ निदान विकावयास बैल असे. याच्याजवळ तेही नसे. अशा वेळी मिशनने धान्य दिले, काम दिले, अनाथ मुले सांभाळली आणि शाळेचे दार उघडे ठेवले.

'पोटासाठी धर्म सोडला' हा आक्षेप याच काळातला. 'बाटणे' या क्रियापदात तो आजही दडलेला आहे. 'बाप्तिस्मा घेणे' आणि 'बाटणे' ही एकाच घटनेची दोन नावे असली, तरी पहिले घेणाऱ्याचे आहे व दुसरे पाहणाऱ्याचे. आक्षेप सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. भूक हे कारण होतेच. मात्र ते एकच कारण असते, तर पाऊस परतल्यावर सारे जण परतले असते. पुष्कळ कुटुंबे परतली नाहीत. ती नातलगांच्या रोषाला सामोरी गेली आणि पुढचे दुष्काळही त्यांनी ख्रिस्ती म्हणूनच सोसले. मंडळीचा खरा दुबळेपणा वेगळ्याच ठिकाणी होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शिक्षक, उपदेशक, घरोघर जाऊन शास्त्र वाचणाऱ्या 'बायबलबाया' या साऱ्यांचा पगार मिशनकडून येत असे, आणि मिशनचा पैसा समुद्रापलीकडून. जातिभेदही चर्चच्या उंबरठ्याबाहेर थांबला नव्हता.

टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या दोन्ही गोष्टी त्यांना दिसत होत्या. उपासनेतील बरीचशी गीते तोवर पाश्चात्य चालींवर बेतलेली होती. टिळकांपूर्वी कृ. र. सांगळे यांनी देशी चालींची गीते रचली होती, हे विसरून चालणार नाही; पण टिळकांनी अभंग हाच उपासनेचा मुख्य छंद केला. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. यामागे भक्तिपरंपरेचे प्रेम आहे, तसाच एक व्यावहारिक लाभही आहे. अक्षरओळख नसलेल्या उपासकाला पुस्तक लागत नाही, ध्रुपद पाठ होते, टाळ-मृदंग गावातच असतात. प्लेगच्या दिवसांत लोक घरे सोडून गावाबाहेर झोपड्या घालून राहत. तेथे ना प्रार्थनामंदिर होते ना बाजाची पेटी. भजन मात्र माणसांबरोबर जाऊ शकत होते.

परदेशी पैशाच्या प्रश्नाला टिळकांचे उत्तर उशिरा आले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अपुराच राहिला.

हा सर्व इतिहास आतून पाहावयाचा तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३७) वाचावी. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, मग परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो छपन्नाच्या दुष्काळाचा काळ होता. राहुरीच्या वास्तव्याची प्रकरणे विशेष काळजीपूर्वक वाचा. तेथे धर्मचर्चा फारशी नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, स्वयंपाक कोणी करावा, अशा प्रश्नांशी झुंजत सोवळे पाळणारी एक बाई हळूहळू बदलते, आणि सांगताना स्वतःलाच हसते. मंडळीतील जातिभेदाविषयी अनेक अहवाल उपलब्ध असतील. पण जातीची भावना मनातून कशी गळून पडते, हे इतक्या साध्या मराठीत क्वचितच कोणी सांगितले आहे.

केडगावची कथा निराळी आहे. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील व बहीण गमावली होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये काढलेल्या 'शारदा सदना'त धर्मप्रसार होतो, या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना दौंडजवळील केडगावच्या शेतावर नेले, आणि तेथे 'मुक्ती सदन' उभे राहिले. हे ख्रिस्ती घर आहे, हे त्यांनी या वेळी लपविले नाही. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. शेती, विणकाम, छपाई ही कामे स्त्रियाच करीत आणि दिवस प्रार्थनेने बांधलेला असे.

येथेच रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम सदनातील स्त्रियांनी केले. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील बाईला कळत नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता. शिवाय त्यांतील काही शब्दांना वेदान्ताचा अर्थ चिकटलेला असल्याने ते ख्रिस्ती विचारास अपुरे पडतात, असे त्यांचे मत होते. ज्या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' पदवी दिली, तिनेच संस्कृत बाजूला ठेवले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

टिळकांची दिशा नेमकी उलट होती. संतांचे शब्द त्यांच्या सर्व अर्थवलयांसह घ्यावेत आणि ख्रिस्ताकडे वळवावेत, असे ते मानत. दोघांपुढे वाचक-श्रोते तेच होते: दुष्काळातून वाचलेली, बहुतेक निरक्षर माणसे. रमाबाईंचे भाषांतर चर्चच्या नित्यवाचनात फारसे रुळले नाही. टिळकांची भजने 'उपासना संगीता'त समाविष्ट झाली आणि ती रविवारच्या उपासनेत आजही गायली जातात.