खेत्रीचे तांबे

राजस्थानच्या ईशान्येकडील शेखावाटी हा थरच्या वाळवंटाला लागून असलेला कोरडा मुलूख होय. बाजरीची शेते, खेजडीची झाडे आणि वाळूचे उंचवटे हे त्याचे नित्याचे रूप; परंतु पूर्वेकडील अरवलीच्या रांगांच्या पोटात, खेत्री व सिंघाणा या गावांच्या परिसरात, तांबे आहे. त्याचा इतिहास पाहू जाता खनिजाइतकेच महत्त्व सरपणाला द्यावे लागते.

सीकर जिल्ह्यातील गणेश्वर येथे तांब्याच्या सुमारे एक हजार वस्तू सापडल्या. त्या इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातील आहेत. बाणांची टोके, कुऱ्हाडी, बांगड्या यांबरोबर त्यांत मासे धरण्याचे गळही आहेत! जवळची कांतली नदी आज केवळ पावसाळ्यात वाहते. हडप्पा संस्कृतीच्या नगरांना येथूनच तांबे जात असावे, असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. पुढे अकबराच्या काळात ‘ऐन-ए-अकबरी’त सिंघाण्याच्या खाणीची नोंद झाली.

येथील खनिजात तांब्याबरोबर लोह व गंधक असते. खाणीत लाकडे पेटवून कठीण खडक तडकवीत. फोडलेले खनिज कुटून ते शेणात कालवीत, त्याचे गोळे वाळवून भाजीत व गंधक उडवून लावीत. मग लोखंडाच्या भट्टीतील मळी मिसळून लोणारी कोळशावर, भात्याच्या वाऱ्याने, ते वितळवीत. टाकाऊ खनिजापासून मोरचूदही काढीत. द्राक्षबागायतदारांना त्याचा परिचय वेगळा करून देण्याची गरज नाही. अशा प्रत्येक टप्प्याला लाकूड हवे, आणि ते तर या प्रदेशात मुळातच दुर्मिळ. एकोणिसाव्या शतकात परदेशी स्वस्त तांबे येऊ लागताच हा उद्योग ओसरला; खनिज मात्र संपले नव्हते.

१९६७ मध्ये हिंदुस्थान कॉपर लिमिटेड ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली आणि खेत्रीनगर ही वसाहत भरभराटीस आली. शंभर किलो खनिजातून जेमतेम किलोभर तांबे निघते. तरीही येथे खाणीपासून शुद्ध धातूपर्यंतची सर्व कामे होऊ लागली. आपल्या रायगड जिल्ह्यातील तळोजे येथे याच कंपनीने १९८९ मध्ये तांब्याच्या सळ्यांचा कारखाना उभारला.

खेत्रीच्या भट्ट्या २००८ मध्ये बंद पडल्या. खाणकाम चालू राहिले. पण वसाहत उभी राहिली होती ती कारखान्याच्या आधारावर, आणि नुसत्या खाणींना तेवढी माणसे लागत नाहीत. खाणीतील जोखीमही कायम आहे: मे २०२४ मध्ये कोलिहान खाणीतील पाळणा कोसळून पंधरा जण अडकले व एकाचा मृत्यू झाला. सिंघाण्यात जुन्या भट्ट्यांच्या मळीचे काळे ढीग आहेत. शेकडो वर्षांचे सरपण त्यांत जिरले आहे.