विंचवाची नांगी आणि संवादाचा फुगा

‘भीमायन’ हे पुस्तक हातात घेतलं की पहिला गोंधळ डोळ्यांचा होतो. पानावर चौकटीच नाहीत. डावीकडून उजवीकडे, वरून खाली असं जायची सवय लागलेली नजर पानावर येते आणि थबकते. रेल्वेगाडी सापासारखी सरपटत जाते. माणसांच्या अंगावर ठिपके आणि बारीक रेघांची नक्षी आहे. एका पानावर तीन प्रसंग एकमेकांत शिरलेले आहेत, आणि कुठला आधीचा, कुठला नंतरचा हे सांगायला कोणी उभं नाही. ‘आपल्या डोक्यावरून गेलं’ असं म्हणून हे पुस्तक मिटवणारे चांगले शिकलेले वाचक मी पाहिले आहेत. त्यांनी ते पुन्हा उघडावं म्हणून हा लेख.

वेल्ह्याकडच्या एका शाळेत मी शनिवारी मुलांबरोबर पुस्तकं वाचते. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण एसटीत तिकीट अजून वेल्ह्याचंच मागितलं जातं. ‘भीमायन’ मूळ इंग्रजीत आहे, त्यामुळे आठवीच्या मुलांना त्यातला मजकूर बंदच होता. आम्ही आधी नुसती चित्रं पाहिली. या पुस्तकात बोलण्याचे फुगे तीन तऱ्हेचे आहेत. काही पक्ष्याच्या आकाराचे, काहींना मागे वाकडी शेपटी, आणि मनातल्या विचारांच्या फुग्यात एक डोळा. मी विचारलं, या फुग्याला शेपूट का असेल? मागच्या बाकावरचा मुलगा लगेच म्हणाला, “बाई, ही इंगळीची नांगी हाय. हे बोलणं डसणारं हाय.”

अगदी बरोबर. मायेने, साधेपणाने बोलणाऱ्या माणसांचे शब्द पक्ष्यात. जातीचं विष ओकणाऱ्यांचे शब्द विंचवाच्या नांगीत. पावसाळ्यात दगड उचलताना आधी काठीने उलटवून बघणाऱ्या मुलाला हे सांगावं लागलं नाही. शहरातल्या माझ्या मित्राला मात्र ते पुस्तकाच्या शेवटचं टिपण वाचल्यावर कळलं होतं. कोणतं पुस्तक ‘अवघड’ आहे हे वाचणारा कुठून आला आहे यावरही ठरतं.

हे पुस्तक २०११ साली दिल्लीच्या ‘नवयान’ने काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. काम सुरू करण्यापूर्वी आनंद यांनी या दोघांना जगातल्या नामवंत चित्रकथाकारांची पुस्तकं दाखवली होती. ती पाहून दोघांनी सांगितलं की आम्ही आमच्या माणसांना डब्यांत कोंडणार नाही, त्यांचा जीव गुदमरतो. मग त्यांनी पान विभागायला स्वतःकडचीच गोष्ट घेतली, ती म्हणजे दिगणा. गोंड घरांच्या मातीच्या भिंतींवर आणि जमिनीवर सणासुदीला काढतात ती ही नक्षी. ‘भीमायन’मध्ये ती वळत, वाकत प्रसंग वेगळे करते आणि जोडतेही. म्हणजे जे पान आपल्याला अतिहुशार, आधुनिक, प्रायोगिक वाटतं, ते काढणाऱ्यांच्या लेखी घरच्या भिंतीइतकं सरळ आहे.

गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातली. तिचा बराच भाग त्यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमधून आलेला आहे. १९०१ सालचा प्रवास त्यात आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली, चांगले कपडे घातलेली मुलं मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळल्यावर गाडीवान मिळत नाही. शेवटी दुप्पट भाडं देऊन, बैल स्वतः हाकत मुलं निघतात आणि रात्रभर त्यांना कोणी प्यायला पाणी देत नाही. सातारा म्हणजे आम्हा भोरकरांचा शेजार. आणि दुसरा मोठा प्रसंग तर त्याहून जवळचा. भोरहून हिर्डोशीच्या खोऱ्यातून वर चढलं, वरंधा घाट उतरला की महाड. तिथेच २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी ओंजळीत घेतलं.

महाडच्या भाषणाचं चित्र असं आहे: बाबासाहेब बोलत आहेत, आणि ध्वनिक्षेपकांच्या कर्ण्यांतून श्रोत्यांवर पाणी फवारलं जातं आहे. या चित्रावर आमचा एक अख्खा तास गेला. काहींचं म्हणणं, ते तळ्याचंच पाणी, जे मिळालं नव्हतं ते आता मिळालं. एक मुलगी म्हणाली, पाणी नाही, बाबासाहेबांचे शब्दच आहेत, तहानेल्यांना पाजलेले. तिसऱ्याचं मत, दोन्ही खोटं, सभेत ऊन होतं म्हणून चित्रकाराला दया आली. मी कोणालाच चूक म्हटलं नाही, कारण चित्र तिन्ही अर्थ पेलतं. वर्गात इतकं बोलणं मी सोप्या पुस्तकावर कधी ऐकलेलं नाही.

दौलताबादच्या प्रसंगाने मात्र सगळे गप्प झाले. १९३४ साली किल्ला पाहायला गेलेल्या बाबासाहेबांनी आणि सोबतच्या मंडळींनी टाक्यातल्या पाण्याने हातपाय धुतले, तेव्हा पाणी बाटवलं म्हणून आरडाओरडा झाला. चित्रात तो किल्ला एखाद्या श्वापदासारखा आहे. राजगड आणि तोरणा ज्यांच्या अंगणातून दिसतात अशी ही मुलं. किल्ला म्हणजे आपला, किल्ला म्हणजे ऊर भरून येणं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. “किल्ला असा का बघतोय?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला वेळ लागला. तटबंदीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे त्या एका चित्राने विचारलं. चौकटीत नीट बसवलेल्या, बुरुज मोजून काढलेल्या किल्ल्याने हे विचारलं नसतं असं मला वाटतं.

आपल्या पिढीला चित्रकथा अशा वाचायची सवय नाही, याला कारण आहे. आपण वाढलो ‘अमर चित्र कथा’वर. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेली ती मालिका मुद्दाम स्पष्ट होती. शिवाजी महाराजांवरचा अंक ‘फास्टर फेणे’वाल्या भा. रा. भागवतांनी लिहिला आणि पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी रंगवला. त्यात काही समजलं नाही असं होतच नाही आणि व्हायलाही नको होतं. त्या चित्रांचं ऋण मी मानते. पण चित्रकथा म्हणजे एका दमात संपणारी, शंका न उरणारी गोष्ट, ही समजूत तिथूनच घट्ट झाली.

खरं तर बाळपणी आपण अर्धवट समजलेल्या चित्रकथाही तेवढ्याच आनंदाने वाचल्या आहेत. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ साली निघालं. त्यातला वेताळ आठवा. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत रोज पट्टीपट्टीने येणारी ली फॉकची मोठी गोष्ट थोड्या पानांत बसवण्यासाठी चौकटी गाळल्या जात, चित्रं छाटली जात. वेताळाच्या मूळ बंगाल्ला देशाचं आपल्याकडे डेंकाली झालं. मधले दुवे हरवलेले असायचे. तरी कवटीची गुहा, एकविसावा वेताळ, शपथ, हे सगळं आपल्या मनात पक्कं बसलं. जे गाळलं होतं ते आपणच भरत होतो.

हे भरणंच चित्रकथेचं इंजिन आहे. स्कॉट मॅक्लाउड या चित्रकथाकाराने १९९३ मध्ये चित्रकथेविषयीचं एक पुस्तक चित्रकथेतच लिहिलं. त्यात तो दाखवतो की दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत काय घडलं हे वाचक ठरवतो. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत शहरावर उठलेली किंकाळी. घाव कुणी घातला? वाचकाने. अवघड चित्रकथा हीच कोरी जागा वाढवते. वाचकाने जास्त काम करावं असा तिचा विश्वास असतो, आणि हा विश्वास मला सन्मानासारखा वाटतो.

महाराष्ट्राला तर हे नवीन नाहीच. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात रंगवलेली विश्वंतर जातकाची भिंत पाहा. दानशूर राजपुत्र त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो. प्रसंगांना चौकट नाही, खांब, झाडं आणि माणसांच्या वळलेल्या माना यांनीच ते वेगळे होतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनी अनेकदा घटना काळाच्या क्रमाने मांडल्याच नाहीत. राजवाड्यात घडलेलं एकीकडे, रानात घडलेलं दुसरीकडे, मग मधे कितीही दिवस गेलेले असोत. या भिंती नीट लावायला आधुनिक अभ्यासकांची आयुष्यं गेली. डीटर श्लिंगलॉफ या जर्मन पंडिताचं नाव त्यात मोठं. पण तोवर तिथे जाणारी माणसं काय आंधळी होऊन परतत होती? आधीपासून माहीत असलेली गोष्ट ती तिथे शोधत होती, आणि जी माहीत नव्हती तिच्यापुढे नुसती उभी राहत होती.

कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी आणखी एक वाट दाखवतात. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुट्या कागदांवरची चित्रं, त्यांचा गठ्ठा म्हणजे पोथी. एकेक चित्र समोर धरायचं आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथा गायची. ती परंपरा जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पैठणी शैलीची अशी जुनी चित्रं पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहता येतात. तिथे काचेआड ती मुकी वाटतात, कारण ती एकट्याने, मनातल्या मनात वाचायला काढलेलीच नव्हती. चित्र, गाणारा आणि ऐकणारे मिळून गोष्ट पुरी होई. ‘भीमायन’चा इंग्रजी मजकूर मी वर्गात मराठीत सांगत गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की अवघड चित्रकथा वाचायची ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. दोघातिघांनी बसावं, एकाने बोट ठेवावं, दुसऱ्याने हरकत घ्यावी.

आता परदेशी पुस्तकाबद्दल, कारण ‘फार हुशार’ म्हणून ज्याची सर्वांत जास्त भीती घातली जाते ते तिकडचंच आहे. ॲलन मूर यांनी लिहिलेलं आणि डेव्ह गिबन्स यांनी काढलेलं ‘वॉचमेन’ १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलं. बहुतेक पानं नऊ चौकटींच्या जाळ्यावर बेतलेली. पाचव्या प्रकरणात तर पानांची मांडणी आरशासारखी आहे. पहिल्या पानाची रचना शेवटच्या पानावर उलटून येते, दुसऱ्याची उपांत्य पानावर, आणि मधोमध जोडपानावर दोन्ही बाजू भिडतात. पहिल्या वाचनात हे मला मुळीच दिसलं नव्हतं. तरी त्या प्रकरणात काहीतरी आवळत चाललं आहे असं मात्र वाटत राहिलं होतं. रचना कळण्याआधीच तिने आपलं काम केलं होतं. ख्याल ऐकताना तालाची मात्रा मोजता न येणारा श्रोताही समेवर मान डोलावतो, तसंच हे. पुढे कोणी मांडणी दाखवून दिली तेव्हा आनंद दुसऱ्यांदा मिळाला.

रिचर्ड मॅग्वायर यांचं ‘हिअर’ मला या सगळ्यांत जवळचं. १९८९ मध्ये ते सहा पानांचं होतं, २०१४ मध्ये त्याचं जाड रंगीत पुस्तक झालं. त्यात नायक नाही. आहे ती एकच जागा, एका खोलीचा कोपरा. पानावर एक साल लिहिलेलं असतं, आणि त्याच चित्रात लहान लहान खिडक्या उघडतात, प्रत्येकीवर वेगळं साल. घर बांधण्याआधीचं रान, हजारो वर्षांपूर्वीचा प्राणी, उद्याचा पूर, सगळं त्या एकाच कोपऱ्यात. पहिली काही पानं वाचक चाचपडतो. कोण कुणाचं, हे कळत नाही, आणि पुष्कळदा शेवटपर्यंत कळत नाही.

भोरमध्ये हे पुस्तक मी ज्यांना दाखवलं त्यांना ते अवघड गेलं नाही. भाटघरचं धरण १९२८ च्या सुमारास पुरं झालं, तेव्हापासून वेळवंडी नदीचं खोरं पाण्याखाली आहे. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी ओसरलं की कांबरेश्वराचं देऊळ वर येतं. माणसं दर्शनाला जातात, आणि पावसाळ्यानंतर तिथे पुन्हा नुसतं पाणी. धरणकाठच्या एका आजोबांनी पुस्तकाची चार-पाच पानं उलटली आणि सरळ विचारलं, “यात पाणी कोणत्या साली येतं?” ते बरोबर वाचत होते.

अवघड ते सगळं चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. काही पुस्तकं केवळ गुंता करतात. पहिल्या वाचनात ती काहीच देत नाहीत, ना एखादा चेहरा, ना एखादी रेघ, ना पुढे काय ही ओढ. ती मिटवून ठेवण्यात कमीपणा नाही. मी वर नावं घेतलेल्या पुस्तकांत वरवर वाचणाऱ्यालाही हाती काही लागतं: तहानलेली मुलं, खुनाचा तपास, बदलत जाणारी खोली. खालचे थर ज्याचे त्याला, ज्या वयात दिसतील त्या वयात.

दिवाळीच्या सुट्टीत यांपैकी एखादं आणायचं असेल तर ‘भीमायन’पासून सुरू करा. मोठ्या माणसाने शेजारी बसून मजकूर सांगितला तर बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ते छान जातं. आधी चित्रं संपवा, मग शब्द, आणि शेवटचं टिपण सगळ्यांत शेवटी. ‘हिअर’ कोणत्याही वयात चालतं. त्यात शब्द थोडे आहेत आणि ते मधूनही उघडता येतं. ‘वॉचमेन’मध्ये हिंसा आणि लैंगिक अत्याचाराचे प्रसंग आहेत, ते मोठ्यांनीच वाचावं, घाई न करता, एका बैठकीला एक प्रकरण. आणि केळकर संग्रहालयात गेलात तर पैठणी चित्रांपुढे पाटी वाचण्याआधी सोबतच्या मुलाला विचारा, इथे काय चाललं आहे?