युद्ध चालू, उत्तर मतदानानंतर

युक्रेनचं युद्ध चोवीस तासांत थांबवतो, असं डोनाल्ड ट्रम्प २०२३पासून सांगत होते. कसं, ते शेवटपर्यंत गुलदस्त्यात. सप्टेंबर २०२४मध्ये फिलाडेल्फियातल्या वादफेरीत 'युक्रेन जिंकावं असं वाटतं का?' असं थेट विचारलं, तरी 'युद्ध थांबावं' याच्या पुढे गाडी सरकली नाही. समोरच्या कमला हॅरिस गाझाबद्दल 'शस्त्रसंधीसाठी अहोरात्र प्रयत्न' हे पालुपद आळवत होत्या. मार्च २०२५मध्ये ट्रम्प यांनी खुलासा केला, की ते चोवीस तासांचं बोलणं जरा उपरोधिक होतं. लोकांनी हसून सोडून दिलं. मला ते हसणंच जास्त झोंबलं.

वेळ मारून नेण्याची ही रीत अमेरिकेत जुनीच. १९१६मध्ये विल्सन 'युद्धापासून दूर ठेवणारा नेता' म्हणून निवडून आले आणि पाच महिन्यांत देश युद्धात उतरला. १९६४मध्ये जॉन्सन म्हणाले, आशियाई तरुणांची लढाई लढायला आमची मुलं पाठवणार नाही. पुढच्या मार्चमध्ये अमेरिकी मरीन व्हिएतनाममधल्या दा नांगला उतरले. १९६८मध्ये निक्सन यांनी तपशील न देता शांततेचं आश्वासन दिलं आणि जिंकले. १९७२मध्ये निक्सन यांचे प्रतिस्पर्धी मॅकगव्हर्न यांनी व्हिएतनाममधून माघारीची मुदतच सांगून टाकली. ४९ राज्यांत हरले. पराभवाची कारणं अनेक होती, पण राजकारण्यांनी धडा घेतला तो हाच.

मी न्यू जर्सीत राहून पाहिलं ते इराकचं दशक. २००४मध्ये अध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध उभे राहिलेले जॉन केरी यांचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. ८७ अब्ज डॉलरच्या युद्धखर्चाला आपण आधी होकार दिला, मग नकार दिला, असं ते स्वतःच बोलून बसले. खरं तर त्यात तर्क होता. पहिल्या मसुद्यात श्रीमंतांची करसवलत कापून पैसा उभा करायचा होता, दुसऱ्यात तसं नव्हतं. पण ऑगस्टमध्ये ग्रँड कॅन्यनच्या काठावर उभं राहून, आज कळलेलं तेव्हा माहीत असतं तरी युद्धाच्या अधिकाराला मत दिलंच असतं, असं ते म्हणाले, तिथे तर्कही संपला. आमच्या मंडळातले केरीभक्त म्हणायचे, "निवडून तर येऊ दे, मग स्पष्ट बोलेल." का म्हणून? मत आधी आणि मत कशाला दिलं ते नंतर कळायचं?

बुश स्पष्टवक्ते म्हणून मिरवले, पण तेही हातचं राखूनच बोलत होते. २ नोव्हेंबरला मतदान झालं आणि आठवडा उलटायच्या आत इराकमधल्या फलुजावर मोठा हल्ला सुरू झाला. २००६मध्ये तर कहरच. मतदानाच्या आठवडाभर आधी त्यांनी सांगितलं, संरक्षणमंत्री रम्सफेल्ड शेवटपर्यंत राहतील. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना निरोप दिला आणि प्रचारात हा विषय नको होता, अशी कबुलीही देऊन टाकली. २००८मध्ये ओबामा इराकबद्दल नेमकं बोलले: १६ महिन्यांत लढाऊ तुकड्या परत. अफगाणिस्तानात मात्र 'आणखी दोन-तीन ब्रिगेड' म्हणता म्हणता सैन्य एक लाखाच्या घरात गेलं.

तरीही त्या दिवसांबद्दल हळहळ वाटते. ३० सप्टेंबर २००४ची मायामीजवळची वादफेरी नव्वद मिनिटं चालली, आणि ती पूर्णपणे परराष्ट्र धोरण व सुरक्षेवर होती. पत्रकार जिम लेहरर शांतपणे विचारत होते आणि दोन्ही उमेदवार घामाघूम होत होते. बुश यांचा वैताग, केरींची सारवासारव, सगळं उघड्यावर आलं. केवळ परराष्ट्र धोरणावरची अशी वादफेरी २०१२नंतर झालेलीच नाही. जग दोन युद्धांत होरपळत असताना, २०२४मध्येही नाही.

म्हणून गुळमुळीत बोलणाऱ्या उमेदवारांपेक्षा माझा राग त्यांना कोंडीत पकडायची सोय मोडणाऱ्यांवर आहे. १९८८पासून वादफेऱ्या भरवणाऱ्या स्वतंत्र आयोगाला २०२४मध्ये बायडन आणि ट्रम्प या दोघांच्याही प्रचारयंत्रणांनी बाजूला सारलं. एवढ्या एका बाबतीत दोन्ही बाजूंचं धोरण अगदी स्वच्छ होतं.